दोन बोटांची फट

माझी आत्या पडदे शिवायची आणि स्वतः जाऊन टांगायची. शिवणारे पुष्कळ असतात. घडी घालून हातात देतात आणि मोकळे होतात. आत्याला ते पटायचं नाही. टांगेपर्यंत ते नुसतं कापडच, असं तिचं म्हणणं. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात घडीची शिडी अशी ती जिने चढायची आणि दार उघडणाऱ्याला नमस्कार करायच्या आधी त्याच्या खांद्यावरून आतली खिडकी बघून घ्यायची.

खिडकीची चौकट सरळ आहे असं घरमालकानं शपथेवर सांगितलं तरी ती पिशवीतून दोरा काढायची, त्याच्या टोकाचा लोखंडी नट खाली सोडायची आणि एक डोळा मिटून बघायची. दहातल्या नऊ चौकटी वाकड्या निघायच्या. "बघा," ती म्हणायची, जणू त्या माणसानंच येता-जाता ढकलून ती वाकडी केली होती. मग दांडी चौकटीच्या वर चार बोटं, दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर. कापड खिडकीच्या अडीचपट, म्हणजे चुण्या भरून येतात. खालची दुमड पहिल्या दिवशी शिवायची नाही. कापड दोन दिवस लोंबू द्यायचं, त्याला काय लांबायचं ते लांबू द्यायचं, मगच शिवायचं. "कापड पहिल्या दिवशी खरं सांगत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

माणसांबद्दलही तिचं तसंच मत होतं. त्याला कारण होतं. काम सुरू केलं त्या वर्षी एका घरात साखळी हरवली आणि घरच्या बाईनं आत्याची पिशवी सगळ्यांसमोर जमिनीवर पालथी केली. कात्री, खडू, सुया, पडद्याच्या कड्या. कड्या घरंगळत सोफ्याखाली गेल्या आणि आत्यानं त्या गुडघ्यांवर बसून वेचल्या. साखळी चार दिवसांनी धुण्याच्या कपड्यांत सापडली, हे तिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. तेव्हापासून कुठल्याही घरातून निघताना ती न सांगता स्वतःच पिशवी रिकामी करून दाखवायची. लोक ओशाळून "अहो, राहू द्या" म्हणायचे. ही तरीही दाखवायची. आणि लोक तिच्यावर नजर ठेवतात म्हटल्यावर तीही लोकांवर ठेवायची. कुठल्या घरात जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत आणि धूळ चारांवर आहे, कुठली सून बोलताना दाराकडे बघते, सगळं तिच्या डोळ्यांत भरायचं. संध्याकाळी आमच्याकडे येऊन सांगायची. वडील हसायचे. "ताई, तू पडदे लावायला जातेस की उघडायला?"

ती गोष्ट घडली तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती.

काम तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात होतं. दार उघडलं ते सुनेनं. चाळिशीची, बारीक, हात सारखे पदराला पुसण्याची सवय असलेली. दिवाणखान्याच्या खिडकीला काहीच नव्हतं, पण तिकडे न बघता तिनं आत्याला सरळ आतल्या खोलीत नेलं.

"फक्त ही एकच खिडकी. जाड कापड हवं. आतून अस्तर. अजिबात फट नको."

"बाहेरून काही दिसू नये असं करून देते," आत्या म्हणाली.

"बाहेरून नाही हो," सून पटकन म्हणाली. "आतून काही दिसायला नको." आणि जीभ चावली.

आत्याच्या कानांनी ते टिपलं. आतून? खिडकी असते ती बघायलाच. समोर रस्ता होता, पलीकडे एक शाळा आणि तिचं मैदान. आतल्या माणसाला यातलं काय दिसायला नको?

आतला माणूस पलंगाच्या कडेला बसला होता. सुनेचे सासरे. पंचाहत्तरीच्या पुढचे, दाढी घोटलेली, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. आत्यानं मापं घेता घेता खोली बघून घेतली. दाराला कडी होती, पण बाहेरच्या बाजूनं. आतली काढून टाकलेली, तिच्या स्क्रूंची चार भोकं उघडी. कपाटाच्या दाराला आरसा असावा, कारण त्यावर वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीनं चारी बाजूंनी डकवले होते. बेसिनच्या वर भिंतीवर एक फिकट चौकोन, तिथलाही आरसा काढलेला. आणि म्हाताऱ्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पिवळट पडलेला काळानिळा डाग.

सून दारातून हलली नाही. आत्या शिडीवर चढली, उतरली, परत चढली, ती तिथंच.

"पाचच्या आत तुमचं होईल ना?" तिनं दोनदा विचारलं. "प्रत्येक वेळी पाचच्या आत निघायला हवं तुम्ही."

आत्यानं मापं लिहून घेतली तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "बाई, तुमची टेप खोटी आहे."

"बाबा, त्यांना काम करू द्या," सून म्हणाली. मग आत्याकडे वळून हळूच, "त्यांचं मनावर घेऊ नका."

पण म्हातारे उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी पोलादी पट्टी काढली आणि आत्याच्या कापडी टेपला जोडून टेबलावर धरली. दीड मीटरला दीड सेंटिमीटरचा फरक. बारा वर्षं ओढून ओढून टेप सैल पडली होती. आयुष्यभर ओळंबा सोडून लोकांच्या भिंती खोट्या ठरवणारी आमची आत्या कानापर्यंत लाल झाली.

"कापडी टेप वर्षाला बदलायची," म्हातारे म्हणाले. "तेहेतीस वर्षं मी दुकानांचे तराजू आणि मापं तपासली. माझ्या नजरेतून सुटत नाही."

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. "त्या घरात काहीतरी पाणी मुरतंय. म्हाताऱ्यांचं डोकं शाबूत आहे, माझ्याहून शाबूत. आणि ती बाई म्हणते मनावर घेऊ नका! आरसे का झाकलेत माहितीय? त्यांना स्वतःच्या अंगावरचे वळ दिसू नयेत म्हणून."

"कशावरून?" वडिलांनी विचारलं.

"मग दुसरं काय कारण असेल, सांग!"



तीन दिवसांनी ती दांडी बसवायला गेली. भिंतीत भोकं पाडायची होती, त्यामुळे म्हाताऱ्यांना बाहेर बसवावं असं सून म्हणाली. ते हलले नाहीत. "मी इथून उठलो की हे लोक काय करतील सांगता येत नाही," ते आत्याला म्हणाले, सुनेच्या समोरच. सुनेचा चेहरा पडला. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ती गॅस बंद करायला गेली.

म्हातारे लगेच उठून शिडीजवळ आले. हळू आवाजात, पण शब्द अगदी स्वच्छ.

"बाई, तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून सांगतो. मला संध्याकाळी कोंडतात. आणि एक माणूस येतो."

"कोण माणूस?"

"ते कळत असतं तर तक्रार केली नसती का? म्हातारा आहे. रोज दिवेलागणीला येतो. बोलत नाही. नुसता बघत उभा राहतो. मी ओरडलो तर उलट माझ्यावरच तोंड वेंगाडतो. यांना सांगितलं तर म्हणतात, कुणी नाही, बाबा, कुणी नाही." त्यांनी खिशातून कागदाची चिठ्ठी काढून तिच्या हातात कोंबली. "माझ्या मुलीचा नंबर. माझा फोन यांनी काढून घेतला."

पावलं वाजली तसे ते जागेवर जाऊन बसले. आत्यानं चिठ्ठी ब्लाउजमध्ये सारली आणि ड्रिल सुरू केलं. तिसऱ्या भोकाचं प्लॅस्टर थाळीएवढं उडालं. असं तिचं वीस वर्षांत झालं नव्हतं.

निघताना तिनं सवयीनं पिशवी रिकामी करून दाखवली. सून बघत होती. त्या दिवशी पहिल्यांदा आत्याच्या पिशवीत नसलेली एक वस्तू तिच्या अंगावर त्या घरातून बाहेर गेली.

घरी येऊन तिनं फोन लावला. मुलगी दोन तासांच्या अंतरावर राहायची, कुठल्याशा दवाखान्यात हिशेबनीस होती. आत्यानं सगळं सांगितलं. बाहेरची कडी, हातावरचा डाग, झाकलेले आरसे, काढून घेतलेला फोन, संध्याकाळी येणारा माणूस.

"दादा म्हणतो बाबा झोपलेत," मुलगी म्हणाली. "महिना झाला, जेव्हा फोन करावा तेव्हा झोपलेले. मला वाटतच होतं काहीतरी." मग विचारलं, "तुम्ही परत कधी जाणार?"

"शनिवारी. पडदे टांगायला."

"मीही येते. दादाला सांगू नका."

शनिवारी आत्या तीन वाजता पोचली. त्या दिवशी मुलगाही घरी होता. छापखान्यात काम करणारा, जाडसर, थकलेला माणूस. त्यानं आत्याला चहा विचारला, तो तिनं घेतला नाही. अशा माणसाच्या हातचा चहा घशाखाली उतरणार नाही, असं तिला वाटलं.

पडद्याला तिनं घरी इस्त्री केली होती, चुण्या पट्ट्यांनी बांधून आणल्या होत्या. ती शिडीवर चढून एकेक कडी दांडीत ओवायला लागली. मुद्दाम हळू. निम्म्या कड्या झाल्या आणि पाचच्या सुमाराला घंटी वाजली.

"दादा, बाबा कुठायत?" मुलगी आत येताच म्हणाली. "आणि त्यांच्या दाराला बाहेरून कडी कशाला लावलीय?"

मग जे व्हायचं ते झालं. मुलगी विचारत होती, भाऊ ओरडत होता. आईच्या आजारपणापासूनचं जुनं काय काय निघालं, कोण किती वेळा आलं होतं, कुणी किती दिवस काढले होते. सून भिंतीला टेकून उभी होती. मध्येच तिनं मान वर करून शिडीवरच्या आत्याकडे पाहिलं आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

"तुम्ही फोन केलात," ती म्हणाली.

"केला," आत्या म्हणाली. "डोळ्यांनी दिसत असताना गप्प बसवलं नाही मला."

"काय दिसलं तुम्हाला?"

आत्यानं बोटावर मोजून सांगितलं. आत्याचं झाल्यावर सुनेनं घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम घाबरली. "अहो, साडेसहा वाजले! पडदा ओढा. आधी पडदा ओढा!"

भांडणात कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. बाहेर अंधारून आलं होतं. मुलीनं मध्येच कधीतरी दिवा लावला होता.

म्हातारे पलंगावरून उठले होते. खिडकीकडे बोट दाखवत, आवाज चढवत म्हणाले, "आला! बघा, आला! आज तरी बघा सगळ्यांनी!"

सगळ्यांनी पाहिलं. काचेत दिव्याखालची खोली लख्ख उमटली होती. मधोमध एक म्हातारा उभा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, बोट रोखलेला. त्याच्यामागं त्याची मुलगी, मुलगा, सून. आणि वर शिडीवर, हातात अर्धा पडदा धरून, आत्या.

"आज माणसं घेऊन आलाय," म्हातारे म्हणाले. "ही बाईसुद्धा त्याला सामील आहे!"

मुलीनं तोंडावर हात धरला.

मुलगा पुढं झाला, बापाला मागून कवेत धरून पलंगावर बसवलं. म्हाताऱ्यांनी त्याच्या हातावर मारलं, ओचकारलं. त्यानं हात काढून घेतला नाही. बहिणीकडे न बघताच तो म्हणाला, "गेल्या महिन्यात त्याला पकडायला म्हणून जिन्यावरून धावले. सात पायऱ्या पडले. हात त्यातला. कडी त्यानंतर लावली, संध्याकाळची तासभर. फोनवरून पोलिसांना बोलवायचे. तीनदा येऊन गेले ते, म्हणून फोन काढून ठेवला. डॉक्टर म्हणाले, आरसे झाका, आणि दिवे लावायच्या आधी पडदे ओढत जा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, आम्ही नीट बघत नाही."



आत्या शिडीवर तशीच उभी होती. तिनं मला नंतर सांगितलं, त्या क्षणी उतरून निघून जावं असं वाटलं, पण खिडकी अर्धी उघडी होती. तिनं उरलेल्या कड्या भराभर ओवल्या आणि पडदा दोन्हीकडून ओढला. म्हातारे थोडे शांत झाले. मग त्यांनी मान वाकडी केली.

"तिथून बघतोय."

नव्या जाड कापडाच्या चुण्या बसायला दोन दिवस लागतात, तोवर मधल्या कडा मागं सरकतात. मध्ये दोन बोटांची फट राहिली होती. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणाला दिसली नसती. इथं त्या फटीत एक डोळा आणि अर्धं नाक उभं होतं.

"आणि इकडूनही," म्हातारे म्हणाले. बाजूला, दांडी भिंतीपासून जेवढी पुढं येते तेवढ्या पोकळीतून, पलंगावरून काचेची एक पट्टी दिसत होती.

आत्या उतरली. पिशवीतून टाचण्या काढून तिनं आधी फट टाचली. मग शिवताना उरलेल्या कापडाची लांब पट्टी काढली आणि तिथंच स्टुलावर बसून एका पडद्याच्या मधल्या कडेला ती हातानं जोडायला घेतली, म्हणजे एक पडदा दुसऱ्यावर चढेल. दांडीपासून जमिनीपर्यंतची शिवण होती. थोड्या वेळानं मुलगी शेजारी बसली आणि सुयांत दोरे ओवून द्यायला लागली. सून बराच वेळ दारात उभी राहिली. मग तीही येऊन बसली, जमिनीवर लोळणारं कापड मांडीवर घेतलं आणि टाके घालायला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. बाजूंच्या कडांना आत्यानं छोटे हुक लावून त्या भिंतीला बिलगवल्या. शेवटी पडदा ओढला तेव्हा बाहेर जग आहे याची खूणसुद्धा आत राहिली नाही.

म्हातारे उठले. खणातून पोलादी पट्टी काढून त्यांनी पडद्यावर पडदा किती चढलाय ते मोजलं.

"दहा सेंटिमीटर," ते म्हणाले. "ठीक. गेला तो." आणि मुलीकडे वळून, "तू कधी आलीस?"

निघताना आत्या पिशवी उघडायला लागली तशी सून म्हणाली, "राहू द्या. मला विचारायचं होतंत तुम्ही. फोन करायच्या आधी एकदा मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

सुनेनं थोडा विचार केला. "नसतं सांगितलं," ती म्हणाली. "पहिल्या मजल्यावरच्या बाई आधीच म्हणतात की आम्ही त्यांना मारतो. तुम्हीही तेच म्हणत होतात. फक्त तुम्ही घरात येऊन म्हणालात." आणि दार लावून घेतलं.

तो शब्द आत्याला लागला. आठ दिवस तिनं मशीनला हात लावला नाही. घरात कुणी विचारलं तर म्हणायची, पाठ धरलीय. आणि नवव्या दिवशी, कुणी बोलावलेलं नसताना, खालची दुमड शिवायला त्या घरी गेली. कापड दोन इंच लांबलं होतं. सुनेनं आत घेतलं, खोलीत नेलं, या वेळी दारात उभी राहिली नाही.

मुलगी दर पंधरा दिवसांनी येऊ लागली. आधी भावाशी भांडायची, मग कमी भांडायला लागली. शनिवारी संध्याकाळी पडदा ओढायचं काम तिचं असायचं. म्हातारे वर्षभर बरे होते. मग मुलीचं नाव विसरले, मग मुलाचं. सुनेला ते शेवटपर्यंत "या इथल्या बाई" म्हणायचे आणि जेवायचे मात्र तिच्याच हातानं. दोन हिवाळे काढून ते गेले.

सून आत्याशी पुढंही मोजकंच बोलायची. रस्त्यात दिसली तर मान हलवायची, थांबायची नाही. आत्याला त्याचं वाईट वाटायचं, पण तिची तक्रार नव्हती. "तिनं का म्हणून माफ करावं? मी चार गोष्टी पाहिल्या आणि पाचवी मनानंच घातली," ती म्हणायची.

एकदा मी तिला विचारलं, "आत्या, आज परत तसंच घर दिसलं, तीच कडी, तोच डाग, तर फोन करशील?"

ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "करेन. खरंच कुणी कोंडलेला असला तर? पण त्याआधी एकदा दिवेलागणीपर्यंत थांबेन तिथं. बाईला म्हणेन, मला उशीर झालाय, बसू का जरा."